ज्युरीच्या आधी फिल्म संपली कशी? (अनुभव धागा)

आर्ट कॉलेजच्या शेवटच्या वर्षी ॲनिमेशन फिल्म केलेले लोक भेटले की फिल्म सुचली कशी हे रंगवून सांगतात. संपवली कशी, हे विचारलं की विषय बदलतात. म्हणून हा धागा. गोव्यात शिकलेल्यांनी, किंवा गोव्यातून पुणे-मुंबई-अहमदाबादला जाऊन शिकलेल्यांनी, स्टोरीबोर्ड (गोष्ट शॉटशॉटने चित्रांत मांडलेला आराखडा) पास झाल्यापासून ज्युरीपर्यंतचं (परीक्षकांपुढे फिल्म दाखवायची ती शेवटची परीक्षा) जमेल तसं लिहा. पणजीला आल्तिनोवरचं कला महाविद्यालय १९७२ पासूनचं आहे, तेव्हा जुन्या मंडळींनी ट्रेसिंग पेपरवर काही हलवलं असेल तर तेही हवंय. कॉलेजचं आणि सरांचं नाव नको. मार्क किती पडले तेही नको.

सुरुवात मीच करते.

गोव्यात प्रोजेक्टचं वेळापत्रक करायचं तर आधी कालनिर्णय भिंतीवरून काढून मांडीवर घ्यावं. जूनमध्ये वर्ष सुरू होतं न होतं तोच चवथ येते, आणि वर्गातली निम्मी मुलं गणपतीच्या चित्रशाळेत डोळे रेखायला गेलेली असतात. त्यानंतर दिवाळीतला नरकासुराचा पुतळा. तो एका रात्रीचा असला तरी त्याचा सांगाडा कितीतरी आधी उभा राहतो आणि कागद-खळ लावायला हात लागतात ते आर्ट कॉलेजवाल्यांचेच. नोव्हेंबरात इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, २००४ पासून गोव्यातच. पुढे गावोगावच्या जत्रा, नाताळ, कार्निव्हल. शिगमोत्सव तर फाल्गुनात, म्हणजे ऐन सबमिशनच्या तोंडावर. चित्ररथाचे पैसे रोख मिळतात, फिल्मचे मिळत नाहीत. त्यामुळे मुलं कुठे जातात हे सांगायला नको, आणि मला त्यांचा राग येत नाही.

माझी फिल्म काव चित्रांच्या शैलीतली होती. गोव्यातल्या जुन्या देवळांच्या भिंतींवर ही चित्रं आहेत: चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या मातीचा थर द्यायचा आणि तो ओला असतानाच कोरून खालचा पांढरा उघडा करायचा. तांबडा आणि पांढरा, बाकी काही नाही. म्हटलं, रंगकाम वाचलं. पटकथा चार मिनिटांची होती. सरांनी फळ्यावर गणित मांडलं. चार मिनिटं म्हणजे २४० सेकंद, सेकंदाला २४ फ्रेम, एकूण ५,७६०. एक चित्र दोन फ्रेम धरायचं, म्हणजे ट्वोजवर, तरी २,८८० चित्रं. दिवसाला १५ साफ चित्रं काढलीस तर १९२ दिवस. खडू ठेवून एवढंच म्हणाले, "आता काय कापतेस ते ठरव."

नदी गेली. घोडा गेला (चार पायांचं जनावर कागदावर चालवून बघा, म्हणजे कळेल). पालखी राहिली, पण भोई न दाखवता नुसती खांद्यांच्या वर. काव चित्रांतली माणसं एका बाजूने बघणारी, जराशी ताठरच असतात, तेव्हा पात्रं तुकड्यातुकड्यांनी काढून सांध्यांवर फिरवली तरी ती शैलीत बसली. फिल्म दोन मिनिटांच्या आत आली.

अडलं ते पोतापाशी. खऱ्या लाल मातीचा स्कॅन घेऊन पात्रांत भरला, तर पात्र चालायचं आणि माती जागच्या जागी राहायची. जणू माणसाच्या आकाराच्या भोकातून मागची भिंत दिसतेय. मग प्रत्येक हाताला, धडाला, मुंडाशाला वेगळी माती चिकटवली, ती त्या तुकड्याबरोबरच फिरेल अशी, आणि तीन वेगवेगळे स्कॅन आलटून पालटून ट्वोजवर लावले. भिंत जिवंत झाल्यासारखी किंचित थरथरायला लागली. पूर्ण फिल्ममधलं मला आजही आवडतं ते तेवढंच.

पोदेराची सायकल

माझी फिल्म स्टॉप-मोशन, म्हणजे बाहुली किंचित हलवून दर वेळी एक फोटो काढायचा. भल्या पहाटे पाव घेऊन निघालेला पोदेर, मागे निळं प्लास्टिक झाकलेली टोपली, भोंगा, आणि त्याच्यामागे लागलेलं कुत्रं. बाहुल्या प्लॅस्टिसिनच्या, आत ॲल्युमिनियमची तार.

एप्रिलमध्ये म्हापशाच्या घरात माळ्याखालच्या खोलीत प्लॅस्टिसिन काय करतं ते अनुभवल्याशिवाय समजायचं नाही. त्यात तेल असतं, ते गरम झालं की पोदेराची मान हळूहळू छातीत शिरायला लागते. हॅलोजन काढून एलईडी लावले, शूटिंग रात्री केलं. दिवसभर बाहुल्या फ्रिजमध्ये, डब्यात, बांगडे (मासे) ठेवलेल्या कप्प्याच्या वरच्या कप्प्यात. आईने डब्यावर "खायचं नाही" अशी चिठ्ठी लावली होती.

तार नेहमी घोट्यात तुटते. पुन्हा पुन्हा वाकवून तिथे दमते. एक जाड तार घेण्यापेक्षा तीन बारीक तारांचा पीळ घाला आणि पाय बदलता येईल असा करा.

दुसरं दुखणं फ्लिकरचं. कॅमेऱ्याचं एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स, फोकस, सगळं मॅन्युअल ठेवूनही फ्रेमागणिक उजेड किंचित कमीजास्त व्हायचा. कारण लेन्सचं ॲपर्चर (उजेड आत सोडणारं पात्यांचं भोक) प्रत्येक फोटोला मिटतं, उघडतं, आणि दर वेळी तंतोतंत तेवढंच मिटत नाही. सीनियरने युक्ती सांगितली: ॲपर्चर हवं तेवढं मिटवून ठेवायचं आणि लेन्स माउंटमध्ये अगदी जराशी सैल फिरवायची, म्हणजे विजेचा संपर्क तुटतो आणि पाती आहेत तिथेच राहतात. लेन्स पडू देऊ नका म्हणजे झालं. आणि पांढरा शर्ट घालून सेटजवळ उभे राहू नका, त्याचा उजेड बाहुलीच्या गालावर पडतो. माझा मामा बघायला यायचा तो नेमका पांढऱ्या सदऱ्यात.

बाबांना हे सगळं पोरखेळ वाटायचं. त्यांना फाळक्यांची गोष्ट सांगितली. सिनेमा काढायला पैसे उभे करायचे म्हणून त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याची वाढ फ्रेम-फ्रेमने टिपून दाखवली होती. बाबा म्हणाले, "त्याला वाटाणे तरी मिळाले."

रेंडरग्रस्त

वाळपई. ब्लेंडर. बस, एवढ्यावरून जाणकारांना कळलं असेल. बाकीच्यांसाठी: ब्लेंडर हे थ्रीडी ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर, आणि त्यातली एकेक फ्रेम कंप्युटरकडून तयार चित्र म्हणून काढून घ्यायची म्हणजे रेंडर.

नव्वद सेकंदांची फिल्म म्हणजे २,१६० फ्रेम. माझ्या लॅपटॉपवर एका फ्रेमला पाच मिनिटं. गुणाकार करा: १८० तास, साडेसात दिवस, तेही लाईट गेली नाही तर. मे महिन्यात वळवाचा वारा सुटला की आमच्या सत्तरी तालुक्यात फणसाची फांदी तारेवर पडणार, हे वीज खात्यालाही माहीत असतं आणि आम्हालाही.

म्हणून पहिला नियम, जो आमच्या बॅचला सीनियरनी घोकून घ्यायला लावला: थेट व्हिडिओ फाईल रेंडर करायची नाही. पीएनजींची मालिका काढायची, म्हणजे प्रत्येक फ्रेमची वेगळी चित्रफाईल. मध्येच लाईट गेली तर व्हिडिओ फाईल पुष्कळदा उघडतच नाही. पीएनजी असतील तर ८४७ वर थांबलेलं ८४८ पासून चालू करता येतं.

दुसरा: कॅमेरा हलत नसेल तर मागचं घर, माड, कुंपण पुन्हा पुन्हा का रेंडर करता? पार्श्वभूमीचा एक स्थिर फोटो काढा, पात्र वेगळं रेंडर करा आणि वर बसवा. माझे निम्म्याहून जास्त शॉट असेच निघाले. कॅमेरा हलवायचा मोह मी फक्त शेवटच्या शॉटला केला.

कॉलेजच्या लॅबमध्ये रात्रभर मशीन चालू ठेवायची परवानगी मिळाली होती, प्रत्येक मॉनिटरवर "रेंडर चालू आहे, बंद करू नये" असे कागदही लावले होते. शिपाईकाकांनी एकही मॉनिटर बंद केला नाही. जाताना नियमाप्रमाणे खालचा मेन स्विच तेवढा पाडला. त्यांचं काय चुकलं? मेन स्विचवर कागद नव्हता.

पेडण्याहून

वर सगळे चित्रांबद्दल लिहिताहेत. माझी फिल्म आवाजाने संपवली, म्हणून त्याबद्दल.

गोष्टीत राक्षस होता आणि त्याचा आवाज मला दशावतारातल्या कलाकाराचाच हवा होता. पेडण्यात ते सोपं. आमच्याच वाड्यावर एक जण होते, हो म्हणाले. मी संवाद टाईप करून नेले. त्यांनी कागद बघितला, घडी घालून खिशात ठेवला आणि "प्रसंग काय तो सांग" म्हणाले. दशावतारात संवादाची संहिता नसते, कथानक ठरलेलं आणि बोलणं उभ्याउभ्या. त्यामुळे एकच वाक्य दुसऱ्यांदा तसंच येईना. प्रत्येक टेकला राक्षस वेगळा, आणि आधीच्याहून भारी.

रेकॉर्डिंग भावाच्या गाडीत केलं. काचा वर, एसी बंद, इंजिन बंद. गाडीच्या सीटा आवाज शोषून घेतात, स्टुडिओचं भाडं वाचतं. दोघं घामाने निथळत होतो. त्यांनी मध्येच "वेषात असताना ह्याच्यापेक्षा गरम होतं" असं सांगून मला गप्प केलं.

त्या दिवसापासून फिल्म उलटी फिरली. आधी चित्रं करून वर आवाज बसवायचा बेत होता. आता त्यांचा आवाज फ्रेम मोजून डोप शीटवर (कुठल्या फ्रेमला काय येतं त्याचा तक्ता) उतरवला आणि चित्रं त्याच्यामागे नेली. ते जिथे श्वास घ्यायला थांबले तिथे राक्षस थांबला.

लिप-सिंकसाठी नेटवर तोंडाच्या आकारांचे तक्ते मिळतात, ते इंग्रजी बोलण्यावर बेतलेले. मला ते लागले नाहीत. शाळेत पाठ केलेली वर्णमाला काढली. प, फ, ब, भ, म हे ओष्ठ्य, तिथे ओठ मिटलेच पाहिजेत. (आपण 'फ' पुष्कळदा खालच्या ओठावर दात टेकवून म्हणतो, तेव्हा तो ऐकून ठरवा.) कंठ्य आणि मूर्धन्यांना ओठांत काही घडत नाही, तिथे पुढचा स्वर बघायचा: आ ला जबडा, ई ला ताणलेले ओठ, ऊ ला चंबू. ओष्ठ्य चुकले की प्रेक्षकाला लगेच खटकतं, बाकीचं चालून जातं. 'ब' आणि 'म' ला ओठ मिटलेले निदान दोन फ्रेम धरा, एकच धरली तर दिसत नाहीत.

एक आई

मी कलाकार नाही, पण फिल्म आमच्याही घरात झाली. लाईटबॉक्स म्हणून डायनिंग टेबलाची काच गेली, खाली ट्यूबलाईट आली. आम्ही काही महिने ताट मांडीवर घेऊन जेवलो. रात्री अडीचला स्वयंपाकघरात जाऊन आरशासमोर तोच तोच जिना चढल्यासारखे पाय उचलणारी मुलगी बघितली की काय वाटतं ते विचारू नका. "रेफरन्स घेत्येय" म्हणाली. चहा करून दिला आणि झोपायला गेले. दुसऱ्या आयांना एवढंच सांगते, "किती झालं?" असं रोज विचारू नका, त्यांना स्वतःलाच माहीत नसतं.

बाहेरून येणारी परीक्षक

पोर्टफोलिओ तपासायला मी काही कॉलेजांत जाते. पाच मिनिटांची अर्धी रंगवलेली फिल्म आणि एका मिनिटाची पूर्ण फिल्म समोर आली तर मी एका मिनिटाच्या बाजूने असते. सगळे परीक्षक तसे नसतात, काहींना महत्त्वाकांक्षा दिसली की पुरे. माझं मत वेगळं, कारण कामावर घेणारा हे बघतो की या मुलाला संपवता येतं का. काव चित्रांच्या फिल्मबद्दल लिहिणारीने जे कापलं, ते स्टोरीबोर्डच्या वेळीच कापलेलं बघायला मला आवडलं असतं. अर्थात तेव्हा कुणी ऐकत नाही.

आणि स्टोरीबोर्ड, ॲनिमॅटिक (त्याच चित्रांना वेळ लावून केलेला कच्चा व्हिडिओ), टाकलेले शॉट फेकू नका. व्हायव्हात मी फिल्मपेक्षा त्यांच्याबद्दल जास्त विचारते.

रेंडरग्रस्त

परीक्षक मॅडमनी विषय काढलाच आहे तर ज्युरीच्या दिवसाचं एक राहिलं. माझी फिल्म रात्रीची होती, खाजनातला मानस (खाडीकाठच्या शेतातलं पाणी अडवायचं-सोडायचं दार), पाण्यात कंदील. लॅपटॉपवर सुरेख. हॉलमधल्या प्रोजेक्टरवर पडदे अर्धवट ओढलेले, सगळं राखाडी. आदल्या दिवशी पेन ड्राईव्ह घेऊन हॉलमध्येच चालवून बघितली होती म्हणून निभावलं. रात्री मधले टोन उचलून दुसरी प्रत काढली, पीएनजी हाताशी असल्यामुळे पुन्हा रेंडर लागलं नाही. हॉलमध्ये एकच स्पीकर चालू होता, तेव्हा आवाजही मोनो करून नेला. दोन्ही प्रती दोन वेगळ्या पेन ड्राईव्हवर ठेवल्या, आणि एक आईच्या फोनमध्ये.