कानांवर हात जाण्याआधी : अनुभव धागा

2022 सालच्या ‘एक्स्ट्राऑर्डिनरी अटर्नी वू’ या कोरियन मालिकेत पार्क उन-बिन यांनी रंगवलेली स्वमग्न (ऑटिस्टिक) वकील फिरत्या दरवाजासमोर येऊन थबकते. तिच्या त्या थबकण्यात मला माझा बारा वर्षांचा मुलगा दिसला. आवाज, उजेड, वास आणि गर्दी एकदम अंगावर आल्यावर होणारी स्वमग्न व्यक्तीची घुसमट पडद्यावर कोणाकोणाला ओळखू आली, ते मराठवाड्यातील वाचकांनी येथे लिहावे, ही विनंती.

लातूर, आई
गंजगोलाई या आमच्या बाजारपेठेत 16 रस्ते एकत्र येतात. तेथे दिवाळीच्या खरेदीत मुलगा रस्त्यातच खाली बसून किंचाळू लागला, तेव्हा लोक म्हणाले, “लाडावून ठेवलंय लेकराला,” आणि मी त्याच्यावर हात उगारला. तो हात अजून माझ्या मनातून गेलेला नाही. मालिकेतली वकील दरवाजासमोर किंचाळत नाही. माणसे सहज आत-बाहेर करत असतात आणि तिचे पाऊल तेवढे उचलत नाही. ते पाहताना आठवले, की कापडाच्या दुकानातच मुलगा बोलेनासा झाला होता आणि सदऱ्याची कॉलर चिमटीत धरून सारखी पिळत होता. म्हणजे त्याने मला केव्हाच सांगितले होते. हट्ट असेल तर वस्तू हातात पडताच ओसरतो. हे मात्र अंधाऱ्या खोलीत तासभर पडून राहिल्याशिवाय ओसरत नाही.

नांदेड, कार्यालयीन कर्मचारी
माझ्या स्वमग्नतेचे निदान चौतिसाव्या वर्षी झाले. संवेदनांना अति किंवा अत्यल्प प्रतिसाद देणे हे लक्षण डीएसएम-5 या निदानपुस्तिकेच्या निकषांत 2013 साली आले. माझ्या लहानपणी मला ‘किरकिरा’ एवढेच म्हणत. मालिकेतली ती वकील रोज किंबाप, म्हणजे समुद्री शेवाळाच्या पापुद्र्यात गुंडाळलेली भाताची गुंडाळी, खाते, कारण त्यात काय घातले आहे ते डोळ्यांना दिसते. मी ज्वारीची भाकरी आणि साधे वरण का सोडत नाही, हे मला त्या प्रसंगाने प्रथमच शब्दांत सांगता आले.

परभणी, विशेष शिक्षिका
अभिनय अभ्यासपूर्ण आहे, तरी एक गोष्ट खटकते. पडद्यावर प्रसंग संपतो आणि कथा पुढे जाते. माझ्या वर्गातील एक मुलगी मात्र स्नेहसंमेलनातील डीजेनंतर दोन दिवस बोलली नव्हती. तो थकवाही दाखवायला हवा होता.

बीड जिल्हा, आजोबा
नातू पिठाच्या गिरणीत कानांवर हात ठेवून भिंतीकडे तोंड करायचा आणि मी त्याला भित्रा म्हणायचो. सुनेने मालिकेतला हेडफोन घातलेल्या त्या वकील मुलीचा प्रवास दाखवून विचारले, “मामंजी, ही भित्री वाटते का?” मला उत्तर देता आले नाही. आता दळणाचा डबा मी एकटाच नेतो. तो बाहेर लिंबाखाली उभा राहतो आणि गिरणी थांबली की आपणहून आत येऊन डब्याची एक कडी धरतो.