मदत हवी आहे: घरी बनवलेल्या फझ पेडलचा आवाज बायपासपेक्षा कमी

फझ फेस या गिटारचा आवाज फाडणाऱ्या (फझ) पेडलच्या सर्किटवरून सिलिकॉन पेडल व्हेरोबोर्डवर (तांब्याच्या पट्ट्यांच्या बोर्डावर) जोडलं आहे. दोन्ही ट्रान्झिस्टर बीसी १०८, निगेटिव्ह ग्राउंड, ९ व्होल्टची बॅटरी. फझ व्यवस्थित होतो, सूर लांबतोही, पण व्हॉल्यूम पूर्ण उघडला तरी आवाज बायपासच्या (पेडल बंद, गिटार थेट अँप्लिफायरला) निम्माही नाही. सोल्डरचे डाग सगळे पुन्हा गरम करून पाहिले, आउटपुटचा कपॅसिटर बदलला, फूटस्विचला वळसा घालून वायर थेट जोडली. फरक शून्य. आता कुठे शोधू?

प्रतिसाद १

आधी व्होल्टेज द्या, त्याशिवाय सगळा अंदाजपंचे कारभार. मीटरची काळी प्रोब ग्राउंडवर, फझचा नॉब पूर्ण, गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर. बॅटरी, दोन्ही ट्रान्झिस्टरचे तिन्ही पाय, आणि दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवरचे ४७० ओहम व ८.२ किलोओहमचे रोध जिथे एकमेकांना भेटतात तो जोड. हा जोड बहुतेक जण मोजतच नाहीत.

धागाकर्ता

बॅटरी ९.२०
क्यू१ (पहिला ट्रान्झिस्टर): एमिटर ०, बेस ०.५८, कलेक्टर १.२७
क्यू२ (दुसरा): एमिटर ०.६६, बेस १.२७, कलेक्टर ३.७६
जोड ९.१७

प्रतिसाद २

ट्रान्झिस्टर उलटा लागला असेल असं लिहायला आलो होतो, पण हे आकडे पाहून ते मागे घेतो. कलेक्टर-एमिटर अदलाबदल झाली तर गेन (वर्धन) इतका पडतो की बायस (सिग्नल नसतानाची ट्रान्झिस्टरची व्होल्टेज) असा जागेवर बसत नाही. फझच्या नॉबला जोडलेला २२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटरही निर्दोष. तो उघडा असता तर आवाज असा फाटलाच नसता.

प्रतिसाद १

उत्तर तुमच्या आकड्यांच्या शेवटच्या ओळीत आहे. क्यू२ च्या एमिटरवर ०.६६ व्होल्ट, खाली फझचा १ किलोओहमचा पॉट (नॉबने फिरणारा रोध), म्हणजे प्रवाह ०.६६ मिलिअँपिअर. तेवढा प्रवाह ४७० ओहममधून गेला तर ०.३१ व्होल्ट पडायला हवेत, जोडावर ८.८९ च्या आसपास दिसायला हवं. तुमच्याकडे पडतायत फक्त ०.०३. बरोबर दहावा हिस्सा! तिथे ४७ ओहम बसलाय.

या सर्किटमध्ये आउटपुट कलेक्टरवरून घेत नाहीत, त्या जोडावरून घेतात. कलेक्टरवर जास्तीत जास्त आठेक व्होल्टचा झोका येतो आणि त्यातला वाटा ठरतो ४७० भागिले ८६७० असा, म्हणजे सुमारे ५.४ टक्के, ०.४५ व्होल्ट. ४७ ओहमने तोच वाटा ०.६ टक्क्यावर येतो, जेमतेम ०.०५ व्होल्ट. गिटारचा पिकअप एकटाच याहून जास्त देतो, मग बायपास मोठा वाटणारच. बायस मात्र फारसा हलत नाही, म्हणून बाकीचे आकडे साळसूद दिसतात.

पाच पट्ट्यांच्या मेटल फिल्म रोधात ही चूक सहज होते. ४७०: पिवळा, जांभळा, काळा, काळा, तपकिरी. ४७: पिवळा, जांभळा, काळा, सोनेरी, तपकिरी. फरक एकाच पट्टीचा, आणि निळ्या अंगावर काळी की सोनेरी पट्टी हे ओळखणं म्हणजे डोळ्यांची परीक्षा. बॅटरी काढून बोर्डावरच ओहम मोजा. त्याला समांतर असलेल्या वाटा किलोओहममधल्या आहेत, आकडा जवळपास खराच येईल.

प्रतिसाद ३

कानाने खात्री करायची असेल तर ऑडिओ प्रोब करा: अँप्लिफायरच्या केबलच्या गरम तारेला ०.१ मायक्रोफॅरड डागा, केबलचं ग्राउंड पेडलच्या ग्राउंडला. मोकळा पाय आधी क्यू२ च्या कलेक्टरवर टेकवा, मग जोडावर. अँप्लिफायर अगदी कमी ठेवा, कलेक्टरवर दणका बसतो.

धागाकर्ता

४६.८ ओहम! ४७० टाकला. जोड ८.८९, कलेक्टर ३.४८. आता बायपासची बरोबरी होते, पण व्हॉल्यूमचा पॉट जवळजवळ पूर्ण उघडल्यावर. हे असंच असतं का?

प्रतिसाद १

सिलिकॉनमध्ये ४७० ओहमने बहुतेकदा असंच होतं. त्या जागी १ किलोओहम घाला. पण नुसता तेवढाच बदललात तर कलेक्टर ३.१ वर उतरेल, म्हणून ८.२ ऐवजी ६.८ किलोओहम लावा. कलेक्टर ४ च्या वर येईल, आउटपुट दुपटीहून जास्त. फझचा पोत फारसा बदलत नाही, वाढतो तो आवाज. काही जण ८.२ च्या जागी १० किलोओहमचा ट्रिमर (स्क्रूने फिरवायचा छोटा पॉट) लावून कलेक्टर ४.५ व्होल्टवर आणतात. मला ४ च्या आसपास जरा दाट वाटतो, तो आवडीचा भाग.

धागाकर्ता

१ किलो आणि ६.८ किलो लावले. कलेक्टर ४.०५, जोड ८.५४. व्हॉल्यूमच्या पॉटचा काटा दोनवर असतानाच बायपासच्या पुढे जातोय. उरलेले ४७ ओहम वेगळ्या पाकिटात टाकलेत.