मदत हवी आहे: डीएम पाणी, स्टीम आणि फर्नेस ऑइल – कुठे कोणता फ्लोमीटर?

नमस्कार मंडळी,

मी मुळात मेकॅनिकलचा. इन्स्ट्रुमेंटचं काम सहा महिन्यांपूर्वी अंगावर आलं, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

पहिली लाइन डीएम (क्षार काढून टाकलेल्या) पाण्याची. 80 मिमी, स्टेनलेस, प्रवाह तासाला 6 ते 30 घनमीटर. कच्च्या पाण्याच्या लाइनवर मॅगफ्लो (चुंबकीय फ्लोमीटर) वर्षानुवर्षं बिनतक्रार चालतोय, म्हणून इथेही तोच बसवला. पंप चालू असतो, टाकी भरत असते आणि मीटर कधी शून्य, कधी भलताच आकडा दाखवतो. विक्रेता म्हणतो अर्थिंग बघा. तीनदा बघितलं. अर्थिंग रिंगाही घातल्या.

दुसरी सॅच्युरेटेड स्टीमची. 100 मिमी, 7 बार गेज. ऑरिफिस प्लेट (भोक असलेली चकती) आणि तिच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक, म्हणजे डीपी, मोजणारा ट्रान्समीटर आहे. 4000 किलो प्रतितासाला डीपी 2500 मिमी पाणी. दिवसा लोड 3000च्या आसपास, रात्री 400 पर्यंत उतरतो. महिन्याची बेरीज बॉयलरच्या फीडवॉटर मीटरशी जुळत नाही आणि दर महिन्याला माझी मान पकडली जाते.

तिसरं काम बर्नरच्या फर्नेस ऑइलचं. 25 मिमीची जाणारी लाइन आणि तेवढीच परतीची. मीटर अजून बसवलेला नाही.

खरेदी विभागाचं म्हणणं, सगळीकडे एकाच प्रकारचे घ्या, सुटे भाग ठेवायला बरे. काय करू?

प्रतिसाद (जुना इन्स्ट्रुमेंटवाला)

आधी एकच सांगा. डीएम पाण्याची कंडक्टिव्हिटी किती येते?

धागाकर्ता

पॅनलवर 0.8 मायक्रोसीमेन्स प्रति सेंमी.

प्रतिसाद (जुना इन्स्ट्रुमेंटवाला)

मग अर्थिंगचा नाद सोडा. मॅगफ्लो फॅरेडेच्या नियमावर चालतो: चुंबकीय क्षेत्रातून वाहक द्रव गेला की इलेक्ट्रोडवर व्होल्टेज तयार होतं. साध्या मॅगफ्लोला निदान 5 मायक्रोसीमेन्स तरी लागतात, पाणी असेल तर काही उत्पादक 20 मागतात. तुमच्या पाण्यातले क्षार मुद्दाम काढून टाकलेत. मीटर धडधाकट आहे, जागा चुकली. तो काढून कच्च्या पाण्यासाठी स्पेअर ठेवा म्हणजे पैसे वाया जाणार नाहीत.

इथे व्होर्टेक्स (प्रवाहातल्या अडथळ्यामागचे भोवरे मोजणारा मीटर) चालेल, पण 80 मिमीचा घेऊ नका. 6 घनमीटरला 80 मिमीत वेग जेमतेम 0.33 मीटर प्रतिसेकंद पडतो, तिथे व्होर्टेक्स गप्प बसतो. रिड्यूसर लावून 50 मिमीचा घ्या: तळाला 0.85, वर 4.2 मीटर प्रतिसेकंद. मीटरचा आकार प्रवाहावरून ठरतो, पाइपावरून नाही. हे मी निम्म्या धाग्यांवर लिहितो तरी लोक फ्लँज मोजूनच ऑर्डर देतात.

पाइप कापायचाच नसेल तर क्लॅम्प-ऑन अल्ट्रासॉनिक. ट्रान्झिट-टाइमचा (ध्वनीला प्रवाहाच्या दिशेने आणि उलट जायला लागणारा वेळ मोजणारा) घ्या. डॉप्लरला कण नाहीतर बुडबुडे लागतात, डीएम पाण्यात ते कुठून येणार?

प्रतिसाद (वाफेवरचा)

स्टीमचं मी सांगतो. ऑरिफिसमध्ये डीपी प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे बदलतो. रात्रीचे 400 म्हणजे पूर्ण प्रवाहाच्या 10 टक्के, म्हणून डीपी उरतो 1 टक्का: 2500 पैकी 25 मिमी. आता डीपीच्या नळ्यांवरच्या दोन कंडेन्सेट पॉटमधल्या (वाफेचं पाणी साठवणाऱ्या भांड्यांमधल्या) पाण्याच्या पातळीत 10 मिमीचा फरक पडला समजा. 25 च्या जागी 35 दिसतील आणि प्रवाह 18 टक्के जास्त वाचला जाईल. ट्रान्समीटर कितीही भारी आणा, हे सुटत नाही. साध्या ऑरिफिसकडून 3:1, फार तर 4:1 टर्नडाऊनची (सर्वात जास्त आणि सर्वात कमी प्रवाहाच्या गुणोत्तराची) अपेक्षा धरावी. तुम्ही साडेसात मागताय.

व्होर्टेक्स लावा, पण तोही 80 मिमीचा. तुमचे 7 बार गेज म्हणजे 8 बार निरपेक्ष, त्या दाबाला वाफेची घनता सुमारे 4.16 किलो प्रति घनमीटर. 100 मिमीत 400 किलोला वेग 3.4 मीटर प्रतिसेकंद येतो, अगदी काठावर. 80 मिमीत 5.3 आणि 3000 ला 40 च्या आत. दाब वरखाली होत असेल तर घनतेचं कॉम्पेन्सेशन असलेला घ्या, नाहीतर घनमीटर बरोबर आणि किलो चूक. मीटरच्या आधी स्टीम ट्रॅप हवा. डोकं पाइपाच्या बाजूला काढा, वर ठेवलंत तर इलेक्ट्रॉनिक्स भाजेल. आणि पाइप थरथरत असेल तर आधी आधार द्या. व्हॉल्व्ह बंद असताना प्रवाह दाखवणारे व्होर्टेक्स मी पाहिलेत.

ता. क. फीडवॉटरशी बेरीज तंतोतंत कधीच जुळणार नाही. ब्लोडाऊनचं (बॉयलरमधून मुद्दाम बाहेर सोडलेलं क्षारयुक्त) पाणी फीडवॉटर मीटरमधून जातं, स्टीम मीटरमधून नाही. तुमची मान पकडणाऱ्यांना हे आधी सांगा.

धागाकर्ता

ब्लोडाऊनचं डोक्यातच आलं नव्हतं! आणि ऑइल? तिथे टर्बाइन मीटर (प्रवाहाने फिरणाऱ्या पात्यांचा) स्वस्त मिळतोय.

प्रतिसाद (जुना इन्स्ट्रुमेंटवाला)

टर्बाइन नको. तेल दाट, शिवाय तापमानाबरोबर दाटपणा बदलतो, कॅलिब्रेशन टिकायचं नाही. ओव्हल गिअर मीटर (फिरत्या दात्यांमधून ठरावीक तेल पुढे सोडून मोजणारा) चालेल, आधी गाळणी लावून. पण तुम्हाला हवी आहे वजाबाकी, आणि खरी गोम तिथेच आहे. समजा 1000 लिटर गेले, 800 परत आले. दोन्ही मीटर अर्ध्या टक्क्याचे असले तरी एकाची चूक 5 लिटर, दुसऱ्याची 4. दोन्ही उलट दिशेला गेल्या तर 200 लिटरच्या वापरात 9 लिटर, म्हणजे साडेचार टक्के. परतीचं तेल वेगळ्या तापमानाचं असेल तर लिटरचा हिशोब आणखी बिघडतो. बजेट असेल तर दोन्हीकडे कोरिऑलिस मीटर, तो थेट वस्तुमान मोजतो, म्हणजे हिशोब किलोत. 25 मिमीला तो परवडण्यासारखा असतो, मोठ्या आकारात किंमत ऐकून घाम फुटतो. बजेट नसेल तर परतीची लाइन जिथे परत सोडलीय ती जागा बघा. पंपाच्या सक्शनला जोडता आली तर त्या जोडाच्या अलीकडे, टाकीकडून येणाऱ्या लाइनवर एकच मीटर पुरतो.

धागाकर्ता

परतीची सध्या टाकीत जाते, पण डे-टँकपासून (रोजच्या तेलाच्या टाकीपासून) पंप जवळच आहे. एअर सेपरेटर घालून जमेल का ते बर्नरवाल्यांना विचारतो. शेवटचं: डीएम लाइनवर कंट्रोल व्हॉल्व्हनंतर मोकळी जागा आहे, व्होर्टेक्स तिथे बसवला तर?

प्रतिसाद (वाफेवरचा)

व्हॉल्व्हच्या आधी बसवा. अर्धवट उघड्या व्हॉल्व्हनंतर प्रवाह इतका ढवळतो की 40-50 व्यास सरळ पाइपही कमी वाटतो. आधीच्या बाजूला एल्बोपासून 20 व्यास मिळाले तर उत्तम. 50 मिमीला म्हणजे 1 मीटर, आणि तो रिड्यूसरनंतरच्या 50 मिमी पाइपातच मोजायचा.

धागाकर्ता

एल्बोपासून व्हॉल्व्हपर्यंत टेप लावला, 1.9 मीटर आहेत. पुढच्या शटडाऊनला स्पूल (फ्लँज लावलेला पाइपचा तयार तुकडा) बनवतो. खरेदीला आज तीन वेगवेगळ्या डेटाशीट पाठवल्या, किमान प्रवाहाचा रकाना लाल करून.