'चौर्यजीवी' म्हणावं की आणखी काही?

भाषांतर करताना 'क्लेप्टोपॅरासिटिझम'पाशी अडलोय. दुसऱ्या प्राण्याने मिळवलेलं अन्न पळवून जगणं, असा अर्थ. आधी 'परजीवी' लिहिलं आणि खोडलं. गोचीड, जंत हे परजीवी. ते अंगावर नाहीतर पोटात राहून पोसतात. इथे तर तोंडचा घास काढला जातो. 'ऐतखाऊ' चालेल का?

– ऐतखाऊ नको. आयतं खाणाऱ्याला हात हलवावा लागत नाही. गालापागोस बेटांवरचा फ्रिगेट हा समुद्रपक्षी बघा. पंखांचा पसारा दोन मीटर, पण पिसं पाण्यात भिजतात म्हणून समुद्रावर उतरायची सोय नाही. मासे गिळून घरट्याकडे परतणाऱ्या बूबी या दुसऱ्या समुद्रपक्ष्याला तो हवेतच गाठतो, शेपटी चोचीत धरून हिसडतो. घाबरून बूबीने मासा ओकला की पाण्यात पडायच्या आत झेलतो. केवढी मेहनत! आपल्याकडे याला नेमका शब्द आहे: वाटमारी.

– वाटमारी फ्रिगेटला शोभते, सगळ्यांना नाही. पावसाळ्यानंतर आमच्या कोकणातल्या बागेत मोठ्या कोळिणीचं जाळं असतं. नीट पाहिलं तर कडेला तांदळाच्या दाण्याएवढे, पाऱ्याच्या थेंबासारखे चकचकीत कोळी दिसतात. कोळिणीने दुर्लक्षिलेली चिलटं ते गुपचूप उचलतात. ही भुरटी चोरी.

– आणि आफ्रिकेच्या कलहारी वाळवंटातला ड्राँगो? आपल्या कोतवाल पक्ष्याचा जवळचा नातलग. ससाणा आला की तो खरोखर ओरडून मीरकॅट या मुंगसाच्या कुळातल्या छोट्या प्राण्यांना सावध करतो, म्हणून त्यांचा विश्वास बसतो. मग मीरकॅटने विंचू उकरून काढला की हा खोटीच आरोळी ठोकतो. ते बिळाकडे पळतात, विंचू याचा. त्याच आरोळीला ते फसेनासे झाले, तर दुसऱ्या पक्ष्याच्या आवाजात ओरडतो. ही शुद्ध ठकबाजी. कुंपणानेच शेत खाल्लं म्हणतात ते हेच!

– ग्रीक 'क्लेप्टेस' म्हणजे चोर. म्हणून संज्ञेपुरतं 'चौर्यजीवी' मला पटतं. 'अन्नचौर्य' हे क्रियेचं नाव. पण वर्णनातही तेच रेटलं तर तिन्ही प्राणी एकसारखे वाटतील.

– आभार. 'चौर्यजीवी' पहिल्या परिच्छेदात व्याख्येसह एकदा देतो. पुढे फ्रिगेट वाटमाऱ्या, चंदेरी कोळी भुरटा आणि ड्राँगो ठक.