तरुण कृमीच्या अंडपेशींतही मेक्स-३चे टपोरे ठिपके का दिसतात?

काजूबोंडू: सी. एलेगन्स हा छोटा उभयलिंगी गोलकृमी, त्याच्या मेक्स-३ला (आरएनएला चिकटणारं प्रथिन) जीएफपी हे हिरवं चमकणारं प्रथिन जोडलेलं. एल४ (प्रौढ होण्याआधीची शेवटची अळी-अवस्था) वेचून २० अंशांवर ठेवतो, २४ तासांनी बघतो. शुक्राणू भरपूर असतात. तरी -१ ते -५ अंडपेशींत (-१ म्हणजे शुक्राणूंच्या सर्वांत जवळची) मोठे ठिपके येतात. प्रथिन पेशीद्रवात सारखं पसरलेलं हवं ना? २% अगारोजचा पॅड, लेव्हामिसोलची भूल, एका स्लाइडवर १५ कृमी. सगळ्यांचे झेड-स्टॅक (वेगवेगळ्या खोलीवरचे फोटो) घेईपर्यंत पाऊण तास जातो. कंट्रोलच (तुलनेसाठीचा साधा कृमी) असा असेल तर म्युटंटशी तुलना कशी करायची?

खाजन: घोळ त्या पाऊण तासातच आहे. हे ठिपके म्हणजे आरएनए-प्रथिनांचे कण; ते बीजोत्सर्ग थांबला, उष्णता वाढली, क्षार वाढले किंवा ऑक्सिजन घटला, की जमतात. स्लाइडवर यातलं जवळजवळ सगळंच होतं: कव्हरस्लिपखाली हवा कमी, पॅड सुकला की क्षार दाट, आणि भूल दिलेला कृमी अंडी पुढे सरकवत नाही. एका वेळी तीनच कृमी घ्या, दहा मिनिटांत उरका, प्रत्येक फोटोवर वेळ लिहा. खात्री हवी तर ०, १०, २०, ३० मिनिटांचे फोटो घ्या, पण दर वेळी नवा कृमी. त्याच कृमीवर पुन्हापुन्हा लेझर मारलात तर तोही ताणच.

तिसऱ्यो: आणि कृमींच्या प्लेटी मायक्रोस्कोपपर्यंत नेता कशा? मे महिन्यात आपल्याकडे एसी बंद असलेली खोली सहज ३२ अंशांवर जाते. मुद्दाम उष्णतेचा धक्का देतात तो ३४ला. थर्माकोलच्या डब्यात २० अंशांच्या पाण्याच्या बाटल्या घालून न्या. बर्फ नको. गार प्लेट बाहेर काढली की इथल्या दमट हवेत झाकणाला पाणी सुटतं नि कृमी पोहायला लागतात. एम९ची (कृमी ठेवायच्या क्षारद्रावणाची) बाटलीही त्याच डब्यात. तापमान खोलीचं नको, मायक्रोस्कोपच्या स्टेजवरचं मोजा.

काजूबोंडू: पीजीएल-१चे (पी-कणांतलं प्रथिन) कणसुद्धा -१, -२मध्ये केंद्रकापासून सुटून विखुरलेले दिसतात. तेही ताणामुळेच?

खाजन: नाही, ते नेहमीचंच. पी-कण (जननपेशींतले आरएनए-प्रथिनांचे कण) शेवटच्या अंडपेशींत केंद्रकाचं आवरण सोडतातच. दोन्ही प्रथिनं एकाच मापाने मोजू नका. खरे ठिपके कसे दिसतात ते पाहायला फॉग-२ माद्या (या जनुकात बिघाड असल्याने स्वतःचे शुक्राणू न बनवणाऱ्या) घ्या, नर न सोडता. शुक्राणूच नसल्याने अंडपेशी रांगेत अडकून पडतात. मग त्यातल्या काहींत नर सोडा. काही तासांत ठिपके विरघळले, तर तुमचं मोजमाप बरोबर चाललंय.