स्पानाकोपिताच्या कृतींत इतका फरक का आढळतो, आणि स्वतःची कृती लिहून देताना काय काय नोंदवावे?

ओंजळ:
नमस्कार. फिलोच्या (मैद्याच्या लाटलेल्या पानांच्या) पातळ पापुद्र्यांमध्ये पालक, फेटा हे खारट पांढरे चीज आणि शेपू भरून भाजलेली ग्रीक स्पानाकोपिता मी घरी नेहमी करते आणि आता ती व्यवस्थित लिहून इतरांना द्यावी असे मनात आहे. लिहायला बसल्यावर मात्र असे लक्षात आले, की ज्या कृतींवरून मी शिकले त्या एकमेकींशी मुळीच जुळत नाहीत. एकीत पालक आधी परतून गार करायला सांगितले आहे, दुसरीत तो कच्चाच मीठ चोळून पिळायचा आहे, तर तिसरीत नुसता चिरून थेट भरायचा आहे. कोणी तीन अंडी घालते, कोणी एकही घालत नाही. कोणी फिलोच्या पानांना लोणी लावते, तर कोणी फक्त ऑलिव्ह तेल. ट्रेचे माप तर बहुतेकांनी दिलेलेच नाही.

माझे प्रश्न दोन आहेत. या फरकांमागे काही कारणे आहेत, की ज्याची त्याची सवय एवढेच खरे? आणि या सगळ्यातून तयार झालेली कृती मी लिहिली, तर ती वाचून करणाऱ्याला तसाच पदार्थ मिळावा यासाठी कोणत्या गोष्टी लिहिल्याच पाहिजेत, आणि श्रेय कोणाला व कसे द्यावे?

रानवारा:
ओंजळ, तुम्ही सांगितलेल्या बहुतेक फरकांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे पाणी. पालकाच्या वजनाचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग पाण्याचा असतो आणि ते पाणी पिता (स्पानाकोपितासारख्या ग्रीक पदार्थांचे सर्वसाधारण नाव) भाजत असताना सुटले, तर खालच्या पानांना कुरकुरीत व्हायची संधीच मिळत नाही. परतणे, मीठ चोळून पिळणे आणि पाणी शोषणारे काहीतरी भरणात घालणे हे त्यावरचे तीन वेगवेगळे उपाय आहेत, आणि प्रत्येकाची चव वेगळी येते.

परतलेला पालक मऊ होतो, त्याचा रंग गडद होतो आणि भरण एकजीव लागते. मीठ चोळून पिळलेल्या कच्च्या पालकाचा हिरवेपणा टिकतो आणि घास घेताना पान पानासारखे जाणवते, म्हणून मला स्वतःला हीच पद्धत अधिक आवडते. चिरलेल्या पालकावर मीठ भुरभुरून हाताने चांगले चुरडावे, चाळणीत अर्धा तास ठेवावे आणि मग मूठमूठ घेऊन, थेंबही पडेनासा होईपर्यंत पिळावे. एक किलो पालक परातीत डोंगराएवढा दिसतो, पण पिळल्यावर त्याचे दोन-तीन घट्ट गोळे होतात. या पद्धतीत वरून आणखी मीठ घालण्याआधी भरणाची चव पाहणे आवश्यक आहे, कारण फेटा मुळातच खारट असतो.

तिसऱ्या प्रकारच्या कृतीत नीट पाहिलेत, तर तळाशी मूठभर बारीक रवा, तांदूळ किंवा त्राहाना भुरभुरायला सांगितलेला बहुधा आढळेल. त्राहाना म्हणजे गहू आणि आंबट दूध एकत्र शिजवून वाळवलेला ग्रीक साठवणीचा पदार्थ. सुटणारे पाणी तो शोषून घेतो आणि भरणाला हलकी आंबट चवही देतो. कृती उतरवून घेताना एखाद्याने ही ओळ गाळली, तर पुढच्या प्रत्येकाची पिता तळाशी ओली राहणार, हे उघड आहे.

भाजण्याबद्दल दोन गोष्टी सांगतो. ट्रे पातळ धातूचा असावा आणि ओव्हनच्या खालच्या कप्प्यात ठेवावा. १८० अंश सेल्सिअसला पन्नास मिनिटे ते एक तास लागतो. ओव्हनमध्ये ठेवण्यापूर्वी वरच्या पानांवर सुरीने चौकोनांच्या खुणा कराव्यात, म्हणजे वाफ बाहेर पडते आणि भाजल्यावर कापताना पापुद्र्यांचा चुरा होत नाही. खुणा केल्यावर वरून थोडे पाणी शिंपडतात, त्यामुळे पानांच्या कडा वर वळत नाहीत.

चांदणवेल:
माझे वास्तव्य उत्तर ग्रीसमध्ये आहे, त्यामुळे ‘मूळ कृती कोणती’ या प्रश्नाकडे मी थोडे वेगळ्या अंगाने पाहते. रानवारा यांनी पाण्याबद्दल लिहिलेले सगळे मला मान्य आहे, परंतु सगळेच फरक पाण्यामुळे पडत नाहीत. पुष्कळसे फरक प्रदेशांचे आहेत, आणि ते लिहिताना पुसले गेले तर मला वाईट वाटेल.

पितांसाठी ग्रीसमध्ये सर्वाधिक नावाजलेला प्रांत म्हणजे वायव्येचा डोंगराळ एपिरस. यानिना शहर, झागोरीची दगडी गावे आणि मेत्सोवो हा सगळा मुलूख मेंढपाळांचा होता. पीठ, चीज, लोणी आणि डोंगरावरच्या रानभाज्या एवढ्या सामग्रीवर तिथले स्वयंपाक उभे राहिले. तिथे घरी लाटलेले फिलो वापरतात आणि ते बाजारातल्या कागदासारख्या फिलोपेक्षा बरेच जाड असते. मैदा, पाणी, मीठ, थोडे ऑलिव्ह तेल आणि चमचाभर व्हिनेगर घालून मळलेला गोळा झाकून मुरू देतात आणि मग हातभर लांबीच्या, काठीसारख्या बारीक लाटण्याने तो लाटतात. लाटणाऱ्या बाईचे हात पाहण्यासारखे असतात. पोळी काठीभोवती गुंडाळली जाते, दोन्ही तळवे मधून टोकांकडे सरकत जातात, काठी उलगडते, पोळी चौथाई फिरते, पुन्हा पिठी आणि पुन्हा गुंडाळणे. अशा फिलोला चार पानेही पुरतात, तर यंत्रावरच्या पातळ फिलोची आठ-दहा लागतात. तुमच्या कृतींतल्या पानांच्या संख्येचा घोळ बहुधा इथेच आहे, कारण ग्रीक दुकानांत पातळ ‘क्रुस्तास’ आणि जाडसर ‘होरिआतिको’ असे दोन्ही प्रकार मिळतात आणि लिहिणारा नुसते ‘फिलो’ एवढेच लिहून मोकळा होतो.

पूर्वी अशी पिता सपाट गोल ताटात लावून, वर गास्त्रा नावाचे धातूचे घुमटाकार झाकण ठेवून, त्यावर निखारे पसरून भाजत असत. वरून आणि खालून मिळणारी ती धग आजच्या ओव्हनमध्ये तशीच्या तशी मिळत नाही, म्हणून जुन्या कृतीतले वेळेचे आकडे जसेच्या तसे उचलू नयेत.

याच एपिरसमध्ये अलेव्रोपिता होते, जिच्यात फिलो नसतेच. तेल लावून तापवलेल्या ट्रेमध्ये पीठ, पाणी आणि अंड्याचे पातळ मिश्रण ओतून, वर फेटा कुस्करून, भरपूर आचेवर ती भाजतात. स्कोपेलोस बेटावरची तिरोपिता म्हणजे चीज भरून गुंडाळलेल्या फिलोचे वेटोळे, आणि ते तेलात तळतात. केफालोनिया बेटाच्या क्रेआतोपितात मांस आणि तांदूळ असतात. क्रीटमध्ये लहान आकाराची कालित्सुनिया करतात, तिच्यात मिझिथ्रा हे ताजे, मऊ चीज किंवा रानभाज्या भरतात. थेसालोनिकी आणि सेरेस या शहरांत सकाळी न्याहारीला बुगात्सा, म्हणजे फिलोत सारण भरून भाजलेला पदार्थ, खातात; गोड सारणाची बुगात्सा बाहेर अधिक ठाऊक आहे, पण चीज किंवा खिमा भरलेलीही तितक्याच आवडीने खाल्ली जाते.

अंड्यांबद्दल म्हणाल, तर ऑर्थोडॉक्स चर्चच्या उपवासांच्या काळात, विशेषतः ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांत, अंडी, दूध आणि चीज वर्ज्य असते. त्या काळातल्या पितेत पालक, लीक (कांद्याच्या कुळातली एक भाजी), कांद्याची पात, शेपू आणि ऑलिव्ह तेल एवढेच असते. ही त्या दिवसांसाठीची स्वतंत्र आणि पूर्ण कृती आहे, म्हणून ‘अंडी नाहीत म्हणजे लिहिणारा विसरला’ असे समजू नये.

पाऊलवाट:
दोघांच्याही उत्तरांत फेट्याचा उल्लेख आहे, परंतु तो कोणता, हे कृती लिहिताना स्पष्ट करणे फार गरजेचे आहे, असे मला वाटते. युरोपीय संघात फेटा हे नाव २००२ साली संरक्षित झाले. त्या नियमांनुसार तो ग्रीसच्या ठरावीक भागांतच तयार व्हावा लागतो, मेंढीच्या दुधाचा असावा लागतो, त्यात शेळीचे दूध जास्तीत जास्त ३० टक्के चालते आणि तो किमान दोन महिने मुरवावा लागतो. जर्मनी आणि डेन्मार्कने या नोंदणीला आव्हान दिले होते, पण युरोपीय न्यायालयाने २००५ साली ती कायम ठेवली. पुढे २०२२ साली, डेन्मार्कमधले उत्पादक संघाबाहेर निर्यात करताना हेच नाव वापरत होते आणि ते डेन्मार्कने थांबवले नाही, म्हणून याच न्यायालयाने त्या देशाला दोषी ठरवले.

हे सगळे इथे सांगण्याचे कारण स्वयंपाकाशीच निगडित आहे. युरोपीय संघाबाहेर या नावाने गायीच्या दुधाचे, मऊसर पांढरे चीज अनेकदा विकले जाते. मेंढीच्या दुधाचा फेटा हाताने कुस्करला की त्याचे कोरडे, टोकदार तुकडे होतात आणि भाजल्यावरही ते वेगळे लागतात. गायीच्या दुधाचे मऊ चीज पालकात विरघळून जाते आणि भरण अधिक ओले होते. तेव्हा आपण जे वापरले तेच लिहावे. गायीच्या दुधाचे असेल, तर ‘मिठाच्या पाण्यातले गायीच्या दुधाचे पांढरे चीज’ असे सरळ म्हणावे, म्हणजे वाचणाऱ्याला पाण्याचा अंदाज येईल.

आता तुमचा दुसरा प्रश्न. ज्या नोंदींशिवाय पिता जमत नाही त्या माझ्या मते अशा: पालकाचे वजन कच्चे की पिळलेले, ट्रेची लांबी-रुंदी सेंटीमीटरमध्ये, फिलो पातळ की जाड, आणि ओव्हनमध्ये पंखा चालू होता की नाही. ‘एक जुडी पालक’ याला काहीच अर्थ नाही. एक किलो निवडलेला कच्चा पालक, ४०० ग्रॅम फेटा, तीन अंडी आणि ४५० ग्रॅमचे पातळ फिलोचे पाकीट, साधारण ३५ बाय २५ सेंटीमीटरच्या ट्रेसाठी, असे लिहिले की करणारा स्वतःच्या ट्रेप्रमाणे कमी-जास्त करू शकतो. त्याखेरीज आपण का एखादी गोष्ट करतो, तेही एका वाक्यात लिहावे. ‘रवा भुरभुरावा’ एवढे वाचून एखादा तो वगळेल, पण ‘पाणी शोषण्यासाठी’ हे दोन शब्द वाचले की वगळणार नाही.

श्रेयाबाबत अनेक देशांतल्या कायद्याची भूमिका साधारण अशी आहे, की घटकांच्या नुसत्या यादीवर कोणाचा मालकी हक्क नसतो; परंतु ज्या शब्दांत कोणी ती कृती मांडली ते शब्द आणि सोबतची छायाचित्रे त्याची असतात. मी स्वतः एवढ्यावर थांबत नाही. ज्याची पद्धत आपण घेतली त्याचे नाव घ्यावे आणि आपण काय बदलले ते सांगावे, कारण बदल लपवला तर चूक कोणाची आणि कल्पना कोणाची हे पुढच्याला कळत नाही.

ओंजळ:
आपणा सर्वांचे मनापासून आभार. पानांच्या संख्येचे कोडे चांदणवेल यांच्यामुळे सुटले आणि चीजविषयी मी यापुढे नेमकेपणाने लिहीन. एक शंका उरली आहे. मी शिकलेल्यांपैकी एक कृती तोंडी मिळालेली आहे. सांगणाऱ्या बाई ग्रीक होत्या, पण त्यांचे नाव जाहीर करणे त्यांना आवडेल की नाही, हे विचारण्याची सोय आता नाही. शिवाय पिता आधी करून ठेवायची असेल तर कोणत्या टप्प्यावर थांबावे, हेही कृतीत लिहावे म्हणते.

चांदणवेल:
ओंजळ, नाव न घेता ‘अमुक गावच्या एका गृहिणीकडून ऐकलेली’ असे लिहावे, आणि गाव ठाऊक नसेल तर प्रांत तरी लिहावा. इथे लोक पितेची ओळख बहुधा प्रदेशावरूनच सांगतात, त्यामुळे वाचणाऱ्यालाही त्यातून पुष्कळ कळते. त्या बाई पानांना लोणी लावत की तेल, एवढे आठवत असेल तर तेही अवश्य नोंदवा.

आधी करून ठेवण्याबद्दल: पिता पूर्ण लावून, वरच्या पानांना तेल लावून आणि खुणा करून, न भाजताच फ्रीझरमध्ये ठेवावी. भाजलेली गोठवली तर पुन्हा गरम करताना पापुद्रे नरम पडतात. भाजताना ती वितळू न देता थेट ओव्हनमध्ये घालावी आणि नेहमीपेक्षा वीसेक मिनिटे जास्त द्यावीत. गोठवलेल्या पितेवर मात्र पाणी शिंपडू नये, कारण वर जमलेले हिमकण वितळून तेवढा ओलावा आपोआप मिळतो.