मदत हवी आहे : बिल्ज सेपरेटरचा मीटर तेल दाखवतोय की गंज?

मी जहाजावर थर्ड इंजिनिअर आहे, सध्या सुट्टीत नाशिकला. महिनाअखेर त्याच जहाजावर परत जायचंय. बिल्जच्या, म्हणजे जहाजाच्या तळाशी साचणाऱ्या तेलकट पाण्यातून तेल वेगळं करणाऱ्या १५ पीपीएमच्या (दहा लाख भागांत १५ भाग तेल, ही समुद्रात सोडायची मर्यादा) सेपरेटरचा ऑइल कंटेंट मीटर (पाण्यातलं तेल मोजणारा) हे पाणी आलं की २२-२५ वर जातो, अलार्म होतो आणि थ्री-वे व्हॉल्व्ह पाणी परत बिल्ज टाकीत वळवतो. समुद्रात थेंबही सोडलेला नाही, पण टाकी भरत चालली आहे.

गोड्या पाण्यावर मीटर शून्य दाखवतो. मीटरची काचनळी ब्रशने साफ केली, कोअलेसर फिल्टर (तेलाचे बारीक थेंब एकत्र करणारा) नवा घातला, पंपाचा वेग कमी केला. इंजिनरूम धुवायला साबण वापरणंही बंद केलं, कारण त्याने तेलाचं इमल्शन होतं, म्हणजे तेल पाण्यात मिसळून सहज वेगळं होत नाही. फरक नाही. मीटर आयएमओच्या (आंतरराष्ट्रीय सागरी संघटना) एमईपीसी १०७(४९) ठरावानुसारचा आहे, कॅलिब्रेशनचं सील तोडता येत नाही. सॅम्पल लाइनला गोडं पाणी जोडून आकडा खाली आणा, असं कृपया कुणी सुचवू नका. ती सरळ फसवणूक आहे आणि मी ते करणार नाही.

संशय एका गोष्टीचा. सेपरेटरनंतरचं पाणी काचेच्या बाटलीत रात्रभर ठेवलं, तर वर तवंग अजिबात नव्हता, तळाशी मात्र बोटभर तांबूस गाळ. मीटर प्रकाशाच्या विखुरण्यावर चालतो, त्यामुळे गंजाचे बारीक कणही तो तेल म्हणून मोजू शकतो.

आकड्यात गंज किती आणि तेल किती, हे जहाजावरच खात्रीने कसं ओळखायचं? आणि आयएसओ ९३७७-२ पद्धतीने पाण्यातलं तेल तपासून देणारी लॅब सातपूर-अंबड भागात कुणाला माहीत आहे का?